अंदाजपत्रकात न धरलेला खर्च

आपल्या तुकडीने शाळेच्या मैदानाला पश्चिमेकडून बसायच्या पायऱ्या बांधून द्यायचे ठरवले आणि तीन गुत्तेदारांचे दर ग्रुपवर पडले, तेव्हापासून मला रोज कोणीतरी फोन करून एकच प्रश्न विचारतो, "तू बांधकाम खात्यात होतास, सांग ना, कोणाला द्यायचे?" सगळ्यात कमी दर सगळ्यात जास्त दरापेक्षा जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी आहे. एवढा फरक दिसल्यावर चर्चा कशाला, असे बहुतेकांचे मत. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही. म्हणून स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा ठरवले की उत्तर इथेच लिहावे. थोडे लांबून सुरुवात करतो, कारण हा प्रश्न आपल्या मैदानापेक्षा जुना आहे.

२३ जानेवारी १९७५. आपण नव्या दहावीची पहिली तुकडी, परीक्षा मार्चमध्ये. त्या आठवड्यात मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या हॉटेलातल्या ट्रान्झिस्टरभोवती किती गर्दी व्हायची ते आठवत असेल. वेस्ट इंडीजविरुद्धचा पाचवा कसोटी सामना, मालिका दोन-दोन अशी बरोबरीत आणि क्लाईव्ह लॉईड बाद व्हायला तयार नाही. त्याने नाबाद २४२ धावा केल्या आणि आपण तो सामना २०१ धावांनी हरलो. मुंबईच्या त्या नव्या मैदानावरचा तो पहिला कसोटी सामना होता. मैदानाचे नाव वानखेडे स्टेडियम. तेव्हा आपल्याला धावांशी मतलब होता. ते स्टेडियम कसे उभे राहिले हे मी पुढे नोकरीत असताना कुतूहलाने वाचत गेलो.

मुंबईत त्याआधीच एक उत्तम स्टेडियम होते, आणि तेही अर्ध्या मैलाच्या आत. ब्रेबॉर्न. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. त्याच्या जन्माची गोष्ट अशी सांगतात की, क्लबचे चिटणीस अँथनी डिमेलो यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांना विचारले, खेळाडूंकडून आपल्याला सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व? गव्हर्नरसाहेबांनी अमरत्व निवडले. बॅकबे भरावातली ९० हजार चौरस यार्ड जमीन क्लबला यार्डाला साडेतेरा रुपये दराने मिळाली. म्हणजे जागेचेच सव्वाबारा लाखांच्या आसपास झाले. मे १९३६ मध्ये पायाभरणी झाली आणि डिसेंबर १९३७ मध्ये उद्घाटन. नकाशे ग्रेगसन, बॅटली अँड किंग यांचे आणि बांधकाम शापूरजी पालनजी यांचे. दीड वर्षात समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर एवढे काम! भरावाच्या जमिनीवर पाया घालणे म्हणजे काय हे आपल्या काळ्या मातीत विहीर खणलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पुढे जागा क्लबची आणि सामने भरवणार मुंबई क्रिकेट असोसिएशन, यातून तिकिटांच्या वाटपावरून वर्षानुवर्षे भांडण चालले. असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे विदर्भातले. त्या काळात ते विधानसभेचे अध्यक्षही होते. काही तरुण आमदारांना एक प्रदर्शनीय सामना भरवायचा होता, त्यासाठी ते मैदान मागायला क्लबचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्याकडे गेले आणि नकार घेऊन परतले, ही कथा क्रिकेटवर लिहिणाऱ्यांनी अनेकदा सांगितली आहे. तेव्हाच त्यांनी ठरवले की आपले स्वतःचे स्टेडियम बांधायचे. वास्तुविशारद म्हणून तरुण शशी प्रभूंना घेतले. चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मधल्या, रेल्वेरुळांना लागून असलेल्या जागेवर सुमारे तेरा महिन्यांत ते उभे राहिले. याच प्रभूंनी पुढे पुण्याला बालेवाडीचे क्रीडासंकुल केले, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी.

आता बांधकामाच्या माणसाच्या नजरेने त्या तेरा महिन्यांकडे पाहा. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवले आणि वर्षभरात सगळ्या मालाचे भाव चढले. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. परवान्याशिवाय पोते मिळत नसे. आपल्या गावात घराचा स्लॅब टाकायचा तर तहसीलला किती चकरा माराव्या लागत हे ज्यांच्या वडिलांनी त्या काळात घर बांधले त्यांना माहीत आहे. अशा काळात उद्घाटनाची तारीख आधी ठरते, ती हलवता येत नाही, कारण परदेशी संघ यायचा आहे. तारीख हलत नाही आणि पैसा बेताचा असतो, तेव्हा तिसरीच कुठलीतरी गोष्ट आवळली जाते. वानखेडेवर ती प्रेक्षकाची जागा होती. बसायला अडचण, ये-जा करायला अडचण, हवा कोंडलेली. ज्यांनी तिथे जुन्या काळी सामने पाहिले त्यांच्याकडून हेच ऐकले. २०११ च्या विश्वचषकासाठी ते स्टेडियम जवळजवळ नव्याने बांधले, तेव्हा सुमारे ४५ हजारांची आसनसंख्या ३३ हजारांच्या आसपास आली. विस्तार म्हणावा की आकुंचन? माझ्या मते, बारा हजार माणसांची जी अडचण पस्तीस वर्षे हिशेबात धरली नव्हती, ती तेव्हा धरली गेली.

हे मी दोष काढायला लिहीत नाही. वेळेवर स्टेडियम उभे राहिले, हे खरेच मोठे काम होते. त्याच २०११ च्या स्पर्धेत कोलकात्याचे ईडन गार्डन्स वेळेत तयार झाले नाही म्हणून भारत-इंग्लंड सामना बंगळूरला हलवावा लागला, हेही आपण पाहिले.

निविदा म्हणजे काय, हे आपल्यापैकी शिक्षक, डॉक्टर, शेतकरी झालेल्यांना ऐकून माहीत असते, आतून नसते. म्हणून थोडे सांगतो. मराठवाड्यात आपण कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतो. पुण्या-मुंबईच्या साहेबांना या शब्दाचे हसू येई. पण कन्नड, तेलुगू मुलखात 'गुत्तिगे', 'गुत्त' म्हणतात, आणि निजामी राज्यात आपण त्यांच्याच शेजारी नांदलो. माझे आजोबा तर बांधकाम खात्याला 'तामीरात' म्हणत. खाते बदलले, शब्द उरला.

सरकारी काम निघते ते असे. आधी अंदाजपत्रक. जागेची मोजणी, नकाशा, मग खोदाई किती घनमीटर, काँक्रीट किती, लोखंड किती, आणि प्रत्येक बाबीला दरसूचीतला दर. त्यात दगड कोणत्या खाणीतून, किती किलोमीटरवरून आणायचा, याचा लीड. मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग पेपरात जाहिरात. गुत्तेदार बयाणा भरून पाकीट टाकतो. बी-एक नमुन्यात तो एवढेच सांगतो की तुमच्या अंदाजपत्रकापेक्षा मी किती टक्के वर किंवा खाली. 'बारा बिलो' म्हणजे शंभराचे काम अठ्ठ्याऐंशीत. बी-दोन नमुन्यात मात्र तो प्रत्येक बाबीला स्वतःचा दर लिहितो, आणि खरी बुद्धी तिथे दिसते.

समजा अंदाजपत्रकात खोदाई कमी धरली आहे. साहेबाने खोलीची चाचणी न घेता टेबलावर बसून दीड मीटर लिहिली. गुत्तेदार जागेवर जाऊन आला आहे. शेजारच्या विहिरीवर त्याने पाहिले आहे की मुरूम तीन मीटरवर आहे. तो खोदाईचा दर चढा लिहितो, फरशीचा आणि रंगाचा दर पाडून लिहितो. एकूण बेरीज सगळ्यात कमी येते, काम त्याला मिळते. पुढे खोदाई दुप्पट होते आणि पैसे त्या चढ्या दराने निघतात. कागदावर सगळ्यात स्वस्त असलेला माणूस शेवटी सगळ्यात महाग पडतो, आणि त्याने एकही नियम मोडलेला नसतो! नंतर येते ती 'सुप्रमा', सुधारित प्रशासकीय मान्यता. आपल्या जिल्ह्यात हा शब्द लहान पोरालाही माहीत आहे, कारण तलावाच्या बातम्यांत तो दर दोन वर्षांनी येतो.

दुसरी तऱ्हा सरळ लबाडीची. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी मी साहेबांच्या समोर पाकिटे फोडायला बसलो होतो. तीन निविदा, तीन वेगळी नावे, तीन वेगळे दर. अक्षर एकच. पाकिटे चिकटवायला वापरलेली खळही एकच, तिला मेथीच्या भाजीचा वास होता. मी साहेबांकडे पाहिले. त्यांनी चष्मा पुसला आणि तुलनात्मक तक्ता करायला सांगितले. मी केला. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. चोविसाव्या वर्षी नोकरी नवी होती आणि घरी धाकटी भावंडे होती, एवढेच सांगू शकतो. आता ई-निविदा आल्या, पाकिटे गेली. फारच खालचा दर भरला तर जादा सुरक्षा अनामतही भरावी लागते. त्याने फरक पडला का? पडला. वास येणे बंद झाले.

मोजमापावर माझा एवढा जीव का, हे विचाराल तर त्याचे मूळ नोकरीत नाही. १९७२ चा दुष्काळ. आपण आठवीत होतो. वर्गातली निम्मी पोरे सकाळी शाळा करून दुपारी खडी केंद्रावर जात, कोणी लपवत नव्हते. माझी आई आणि मी एका ढिगावर बसायचो. दुष्काळी कामावर गुत्तेदार नव्हता, निविदा नव्हती. सरकार थेट मजुराला पैसे देई आणि पैसे ढिगाच्या मापावर मिळत. शंभर घनफुटांचा एक ब्रास. आठवड्याला माप घ्यायला माणूस येई. तो ढिगाची लांबी, रुंदी, उंची मोजून मधल्या पोकळीची वजावट करी. पोकळी वजा करणे नियमाला धरूनच आहे, हे मी पुढे पुस्तकात शिकलो. किती वजा करायची हेही लिहिलेले असते. पण त्या माणसाचा नियम माणूस पाहून बदलत असे. एका आठवड्यात आमच्या ढिगाची उंची त्याने जेवढी लिहिली, ती माझ्या गुडघ्याच्या खाली येत होती. ढीग माझ्या कमरेला लागत होता. आई काही बोलली नाही. तिला वाचता येत नव्हते, मला येत होते आणि मीही बोललो नाही.

पुढच्या वर्षी भूमितीच्या सरांनी आपल्याला सुतळी आणि मीटरपट्टी देऊन मैदान मोजायला लावले. आठवते का, चार गटांची चार उत्तरे आली होती. सर रागावले नाहीत. म्हणाले, चारही मापे फळ्यावर लिहा, खाली आपापले नाव लिहा. मापाखाली मापणाऱ्याचे नाव असावे, ही गोष्ट मी तिथे शिकलो. औरंगाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ती कोणी शिकवली नाही. माझ्या मोजमाप पुस्तिकेत मी पस्तीस वर्षे सही पूर्ण नावाने केली, त्याचे कारण ते सर आहेत. सर या मेळाव्याला येणार आहेत, म्हणून हे छापील सांगतो.

आता आपल्यासारख्याच एका मेळाव्याची हकीगत. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या १८७९ च्या तुकडीने आपल्या पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले, स्टेडियम बांधायला. ते १९०३ मध्ये उभे राहिले. खर्च आला तीन लाख दहा हजार. देणगी तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी, बाकीची उभारणी विद्यापीठाकडच्यांनाच करावी लागली. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे एवढे मोठे काम तेव्हा जगात नवे होते. विद्यापीठाच्याच प्राध्यापकांनी त्यात डोके घातले आणि सहा महिन्यांच्या आत खेळण्याजोगे झाले.

पण अंदाजपत्रकात न धरलेला खर्च तिथेही निघाला, आणि तो मोठा मजेशीर आहे. त्यांचा तो अंडाकृती चेंडूचा फुटबॉल फार धसमुसळा होता, मुले जखमी होत, मरतही. १९०६ मध्ये नियम बदलायची वेळ आली. एक सूचना अशी होती की मैदानच रुंद करावे, म्हणजे गर्दी पांगेल. पण हार्वर्डच्या नव्या काँक्रीटच्या पायऱ्या मैदानाला इतक्या लगटून होत्या की रुंदी वाढवणे शक्य नव्हते. मग दुसरा मार्ग काढला, चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी दिली. आज तो खेळ जसा दिसतो तो बराचसा त्या फेकीमुळे. पायऱ्या कुठे घालायच्या यावरून अख्ख्या खेळाचा नियम ठरला! पुढे १९२९ मध्ये त्यांनी उघड्या टोकाला लोखंडी पायऱ्या घालून विस्तार केला, तोही १९५१ मध्ये काढून टाकला. काँक्रीट अजून उभे आहे.

उलट टोकाचे उदाहरण कॅनडातल्या माँट्रियलचे. १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या तिथल्या स्टेडियमचा अंदाज १३ कोटी ४० लाख डॉलरचा होता. आपण दहावीत होतो तेव्हा ते बांधले जात होते, म्हणजे तेच तेल, तीच महागाई, तशीच न हलणारी तारीख. महापौर म्हणाले होते की पुरुषाला मूल होणार नाही तसा ऑलिंपिकला तोटा होणार नाही. स्पर्धा झाल्या तेव्हा मनोरा अर्धवट होता आणि छप्पर नव्हते. कर्ज फिटले २००६ मध्ये, व्याजासकट १६१ कोटी डॉलर. बराचसा पैसा तंबाखूवरच्या खास करातून आला. म्हणजे ज्या माणसाने स्टेडियम कधी पाहिले नाही, तो तीस वर्षे सिगारेट पेटवताना त्याचा हप्ता भरत होता.

या सगळ्यांत अंदाज चुकला याचे मला नवल नाही. अंदाज चुकतोच. मी केलेले एकही अंदाजपत्रक शेवटच्या बिलाशी जुळलेले नाही. चुकल्यावर फरक कोणी भरायचा हे आधी लिहिले होते का, एवढेच मी पाहतो. माँट्रियलला ते लिहिले नव्हते, तर तंबाखूवाल्याने भरला. वानखेडेवर प्रेक्षकाने दाटीने बसून भरला. खडी केंद्रावर माझ्या आईने.

आता आपल्या तीन दरांकडे येतो. तिन्ही कागद मी नीट वाचले. कोणाच्याही प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. सगळ्यात कमी दर असलेल्याने खोदाई दीड फूट धरली आहे. मधल्याने चार फूट. तिसऱ्याने आकडा लिहिलाच नाही. त्याने लिहिले आहे 'मुरूम लागेपर्यंत'. पश्चिमेच्या बाजूला, जिथे पूर्वी लिंबाची झाडे होती, तिथे वर काळी माती आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पोराचा हात जाईल एवढी. तिच्यावर दीड फुटावर पाया ठेवला तर पहिल्या दोन पावसाळ्यांत पायऱ्या हलतील. त्यावर आपल्या तुकडीचे नाव कोरलेली फरशी असेल, ती सगळ्यात आधी तडकेल. म्हणजे चौथा हिस्सा जो स्वस्त दिसतो आहे, तो जमिनीखालचा आहे, वर दिसणारे काम तिघांचे सारखेच आहे.

तिसऱ्यालाच द्या असेही मी म्हणत नाही. 'मुरूम लागेपर्यंत' हे बरोबर आहे, पण त्याला टोक नाही. मुरूम आठ फुटांवर निघाला तर वर्गणी पुन्हा काढायची का? आपल्यातल्या दोघांना पहिली वर्गणी कशी जड गेली हे मला माहीत आहे, त्यांनी सांगितले नसले तरी. म्हणून तिघांनाही खोदाईचा दर प्रत्येक फुटाला वेगळा लिहून द्यायला सांगावे. एकूण आकडा मग त्यातून काढू. ठरलेल्या खोलीपुढचा प्रत्येक फूट कोणी भरायचा हेही करारात लिहावे. मी नाव सुचवतो, स्वतःचे. पहिल्या दोन फुटांचा जादा खर्च माझ्याकडे लागला.

आणि त्याही आधी एक करू. मेळाव्याच्या आदल्या दिवशी बहुतेक जण मुक्कामाला आहेत. सकाळी सातला मी मैदानावर असेन. दोन मजूर सांगितले आहेत, त्यांची मजुरी दिली आहे. पश्चिमेच्या रेषेवर तीन ठिकाणी खड्डे घेऊन पाहू, मुरूम कुठे लागतो ते. भूमितीच्या सरांना घ्यायला मी गाडी पाठवतो आहे. टेप माझी, वही माझी. चार गट केले तरी चालतील, पण या वेळी उत्तर एकच यावे, आणि वहीत खाली ज्यांनी मोजले त्या सगळ्यांची नावे पूर्ण लिहावीत.